आपल्या राखीव रानात शिकार आणि मासेमारीचे नियम: खान्देशातल्या नव्या जमीनमालकांसाठी

खान्देशात जमीन राखून ठेवणारी माणसं वाढताहेत. कोणी रावेर-यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी बरड घेतं आणि तिथे नुसतं गवत वाढू देतं. कोणी तापीकाठचा तुकडा न नांगरता तसाच सोडतं. कोणाच्या वाट्याला साक्री किंवा चाळीसगावकडची डोंगराळ वडिलोपार्जित जमीन येते आणि ती रानासाठीच ठेवायची असं घरात ठरतं. दोन-तीन पावसाळे गेले की गवत उभं राहतं, ससे-तित्तर दिसू लागतात, मोर येतात, रात्री कोल्हेकुई ऐकू येते. मग बांधावर माणसंही येतात. एकाला ससा हवा असतो, दुसऱ्याला नाल्याच्या डोहात जाळं टाकायचं असतं, आणि तिसरा समजूत घालतो, "भाऊ, वावर तं तुमनंच शे."

वावर तुमचंच आहे. पण त्यात फिरणारा ससा तुमचा नाही, आणि बहुतेक वेळा नाल्यातलं पाणीही तुमचं नाही. मालकाने दिलेली परवानगी ही कायद्याची परवानगी नव्हे. नव्या मालकांचा सगळा गोंधळ इथेच होतो. म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कोणाला काय सांगायचं, ते इथे मांडतो आहे. ज्यांना अशा जमिनीवर पाहुणा म्हणून, गळ घेऊन किंवा नुसतं फिरायला जायचं आहे, त्यांच्याही हे कामाचं आहे.

पहिलं काम: कागद आणि हद्द

फलक लावण्याआधी तलाठ्याकडून ताजा सातबारा आणि फेरफार काढा, भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घ्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत "खासगी वन" असा शेरा आहे का, ते आधी बघा. महाराष्ट्रात 1975च्या खासगी वने संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 रोजी अशी वनं सरकारजमा झाली. डोंगराळ गटांवर त्याचा शेरा आजही सापडतो. तो असेल तर पुढची एकही पायरी चढू नका, आधी वकील आणि वनखातं. जमीन मूळ आदिवासी खातेदाराची असेल, आणि नंदुरबार, शिरपूर, साक्री, यावल, रावेर या भागांत हे नेहमी लागतं, तर ती बिगरआदिवासीला देताना महसूल संहितेच्या कलम 36अ खालची मंजुरी होती का, तेही तपासा. मुळात व्यवहारच कच्चा असेल तर संवर्धनाच्या गप्पांना अर्थ नाही.

मग हद्द चालून बघा. वनखात्याचे हद्दीचे दगड कुठे आहेत? शेजारचा गट महसूलचा आहे की वनाचा? यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य, चाळीसगावच्या दक्षिणेचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, मुक्ताईनगरकडचं मुक्ताई भवानी संवर्धन राखीव, धडगावकडचं तोरणमाळ राखीव, यांतल्या कशाला तुमची जमीन लागून असेल तर नियम अधिक कडक होतात. अभयारण्यात नुसतं आत जायलाही परवाना लागतो. अनेर धरणाच्या पाण्यात गळ टाकायला "आम्ही पलीकडच्याच गावचे" हे कारण चालत नाही.

धरणाच्या काठची जमीन असेल तर आणखी एक गोष्ट. हतनूर, वाघूर, गिरणा किंवा नवापूरच्या बाजूने उकाईचं पाणी उतरलं की काठाची जमीन उघडी पडते आणि ती आपल्याच शेताचा भाग वाटते. ती संपादित झालेली सरकारी जमीन असते. तिच्यावर गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात पेरणी, करायला वेगळी परवानगी लागते आणि तिथे तुमचा नियम चालत नाही. फलक लावायचा तर धरणासाठी संपादित जमिनीची रेषा सोडून, आपल्या गटात लावा.

दुसरं काम: शिकार म्हणजे काय, हे घरच्यांना आणि गड्यांना सांगणं

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्याच्या कलम 9 ने अनुसूचीतल्या प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. ही बंदी जंगलापुरती नाही. तुमचं शेत, फार्महाऊसची बाग, गावठाण, सगळीकडे ती लागू आहे. आपल्याकडे शिकारीचा हंगाम नसतो, शौकाच्या शिकारीचा परवाना नसतो, "वर्षाला इतके ससे चालतात" असा आकडाही नसतो. परदेशात खासगी संवर्धन क्षेत्रात शुल्क घेऊन शिकारीला सोडतात असं कोणी वाचलेलं असतं आणि तसं इथे सुरू करायचा विचार सांगतं. भारतात तो थेट गुन्हा आहे.

शिकारीची व्याख्या फार रुंद आहे आणि नेमकी तीच लोकांना माहीत नसते. मारणं हा तिचा एक भाग झाला. विष घालणं, पकडणं, फास लावणं, सापळा किंवा वाघर लावणं, हाका करून प्राणी एका बाजूला ढकलणं, आमिष ठेवणं, पाठलाग करणं, हे सगळं शिकारीतच येतं. यांतलं काहीही करायचा प्रयत्न केला, प्राणी हाती लागला नाही, तरी गुन्हा पूर्ण होतो. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही त्यातच. म्हणजे सशावर कुत्री सोडून "कुत्र्यांनी धरला, आम्ही काय केलं" असं म्हणता येत नाही. पोरांनी गलोलीने होला पाडला, पाहुण्याने एअरगनने तित्तर मारला, सालदाराने, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्याने, ज्वारीत सापडलेली लाव्याची अंडी घरी नेली, सगळं या एका शब्दात बसतं.

2022 साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. आता प्राण्यांसाठी मुख्य अनुसूच्या दोन. पहिलीत बिबट्या, लांडगा, काळवीट, चिंकारा, मोर, घोरपड, खवले मांजर असे सर्वांत जपलेले जीव. दुसरीत रानडुक्कर, रोही म्हणजे नीलगाय, ससा, तित्तर, लावा, पोपट असे आपल्या रोजच्या बघण्यातले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25,000 रुपये दंड. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वापरलेली मोटरसायकल, बॅटरी, जाळं, बंदूक जप्त होते आणि सरकारची होते. मांस बाळगणंही गुन्हाच आहे. ढाब्यावर "रानचं आहे" म्हणून गुपचूप ताटात वाढलं जातं ते खाणारा आणि वाढणारा, दोघेही अडकतात.

आदिवासी पट्ट्यात एक प्रश्न हमखास येतो, आणि तो आदराने, नीट समजावून सांगायला हवा. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचे, चराईचे, पाणवठ्यातल्या माशांचेही सामूहिक हक्क मान्य केले आहेत. पण त्याच कायद्याने शिकार आणि सापळा लावण्याचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. सामूहिक दावा मंजूर झालेल्या गावातल्या माणसाला नदीतल्या माशावर हक्क असू शकतो, सशावर नाही. तुमची जमीन अशा गावाच्या शिवारात असेल तर ग्रामसभेकडे दाव्याचा कागद बघायला मागा. त्यात तुमच्या गटातून जाणारी वाट किंवा पाणवठा नमूद असेल तर कुंपण घालून तो बंद करू नका. गावाला डावलून राखलेलं रान टिकत नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने आपलं जंगल उभं केलं ते गावाने मिळून ठरवलेल्या आणि गावानेच पाळलेल्या नियमांवर. त्या कामातले चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. एकट्या मालकाने तारेच्या आत बसून तसं काही होईल असं मला वाटत नाही.

तिसरं काम: रानडुक्कर आणि रोह्यांचं काय करायचं, ते आधीच ठरवणं

हा सर्वांत नाजूक भाग. तुम्ही रान राखलंत की डुकरं तिथे दिवसा बसणार आणि रात्री शेजाऱ्याच्या मक्यात, भुईमुगात, केळीत जाणार. शेजाऱ्याचा राग खरा असतो. त्याला कायदा ऐकवून भागत नाही.

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण जीव यातच जातात. महावितरणच्या तारेवर आकडा टाकून बांधाला उघडी तार लावायची नाही. त्या तारेवर डुकराआधी पाणी भरायला रात्री निघालेला माणूस मरतो, आणि मग तार लावणाऱ्यावर मनुष्यवधापर्यंतचे गुन्हे लागतात. पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवायचं नाही. तो गोळा गाय, म्हैस, कुत्रा कोणीही चावतं आणि जबडा उडतो. मेलेल्या वासरावर कीटकनाशक टाकून बिबट्यासाठी ठेवायचं नाही. थायमेट नावाने ओळखलं जाणारं फोरेट तर देशात बंदच आहे. असं विष कोल्हे, घारी, गावची कुत्री आणि शेवटी ओढ्याचं पाणी, सगळ्यांपर्यंत पोहोचतं. उंदरांचं औषधही राखीव रानाला लागून कमीत कमी वापरा. ते खाऊन सुस्त झालेला उंदीर घुबड उचलतं.

काय चालतं? बॅटरीवर किंवा सौर पॅनलवर चालणारं झटका मशीन चालतं. त्याचा प्रवाह क्षणभराचा असतो, झटका बसतो, जीव जात नाही. वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेतून काही गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का, ते वनपालाला विचारा. माझं मत असं की रान राखणाऱ्याने शेजाऱ्याच्या कुंपणाच्या खर्चात थोडा वाटा उचलावा. कायदा तसं सांगत नाही, पण शेजारी एकदा बाजूने आला की फास लावायला येणाऱ्याची खबर तोच देतो.

पिकाचं नुकसान झालं तर शक्यतो त्याच दिवशी वनक्षेत्रपालाकडे अर्ज द्यावा. सोबत सातबारा, पीक पेऱ्याची नोंद, बँक खात्याचा तपशील आणि फोटो. वनखातं, महसूल आणि कृषी खात्याची माणसं पंचनामा करतात. तोवर शेत साफ करू नका. पाळीव जनावर मारलं असेल तर पंचनाम्याआधी मढं हलवायचं नाही, त्यावर काही टाकायचंही नाही. भरपाई मिळायला वेळ लागतो, पण अर्जच नसेल तर काहीच मिळत नाही. शेजाऱ्याला अर्ज भरायला मदत करा, गरज पडली तर तुमच्या गाडीवर घेऊन जा.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 मध्ये एक वाट ठेवलेली आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला किंवा मालमत्तेला धोका ठरत असेल तर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोह्यांसाठी शेतकरी वनक्षेत्रपालाकडे असा अर्ज करतात. त्या परवानगीत जागा, मुदत आणि अटी लिहिलेल्या असतात. बंदूक परवान्याची लागते, फास-विष-करंट त्यातही चालत नाही, आणि मेलेल्या प्राण्याची विल्हेवाट वनखात्याच्या पंचनाम्याने लागते. कापून वाटायची नसते. शेजाऱ्याला मिळालेली परवानगी त्याच्या पिकापुरती आहे, तिच्या जोरावर जखमी डुकराच्या मागे तुमच्या रानात बंदूकधारी शिरणार नाहीत, हे दोघांनी वनपालासमोर आधीच बोलून घ्यावं.

बिबट्याच्या बाबतीत असा अर्जही नसतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबद्दल निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकाचा, आणि तोही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका आजारी असेल तेव्हाच. 2017 साली चाळीसगाव तालुक्यात माणसांवर हल्ले करणारा बिबट्या मारला गेला तो सरकारी मोहिमेत, कोणा शेतकऱ्याच्या बंदुकीने नव्हे. अंगावर आलेल्या प्राण्यापासून जीव वाचवताना तो मेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा होत नाही, पण तो प्राणी सरकारची मालमत्ता असतो. लगेच कळवायचं.

चौथं काम: पाणी कोणाचं, ते शोधणं

मासेमारीला शिकारीसारखी सरसकट बंदी नाही. म्हणूनच तिथे जास्त विचारपूस करावी लागते.

महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे नद्या, नाले, तलाव यांचे तळ आणि वाहतं-साचलेलं पाणी, कोणाची खासगी मालकी सिद्ध नसेल तर, राज्य सरकारचं. म्हणजे नाला तुमच्या गटाच्या मधून गेला तरी त्यातले मासे तुम्ही कोणाला विकू शकत नाही, आणि वरच्या-खालच्या गावच्या माणसाला हुसकताना तुमची बाजू वाटते तितकी भक्कम नसते. तुमच्या काठावरून, तुमच्या बांधावरून जायला मात्र तुम्ही हरकत घेऊ शकता.

तुमच्या स्वतःच्या शेततळ्यात तुम्ही सोडलेले मासे तुमचे. पाझर तलाव किंवा गावतळं असेल तर ते जिल्हा परिषदेचं किंवा ग्रामपंचायतीचं असतं आणि बहुधा त्याचा ठेका गेलेला असतो. पाटबंधारे खात्याच्या जलाशयात मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. भोई, कोळी, भिल्ल कुटुंबांचं पोट त्यावर चालतं. तिथे गळ टाकायचा तर आधी संस्थेच्या माणसाला भेटा, पैसे दिले तर पावती घ्या. कोणाकडे ठेका आहे हे कळत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय आहे. बंदीचा काळ, जाळ्याच्या आसाची (भोकांच्या आकाराची) मर्यादा हे ठेक्याच्या अटींत असतं, ते वाचायला मागा. बऱ्हाणपूर, सेंधव्याकडे हद्द ओलांडलीत तर मध्य प्रदेशाचे नियम लागू होतात. तिथे 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते.

पद्धतींबद्दल घोळ नको. सुरुंगाची कांडी, इन्व्हर्टरचा करंट, ब्लीचिंग पावडर, शेतीचं औषध, हे कुठल्याच पाण्यात चालत नाही. गेळफळं ठेचून डोहात टाकायची जुनी रीत आहे, तीही विषच. अशा पाण्यात मोठ्या माशाबरोबर बोटुकली, बेडूक, खेकडे, सगळं उलटं होतं. मच्छरदाणी जाळं म्हणून ओढू देऊ नका, ती पुढच्या वर्षाचं बी घेऊन जाते. तंगूसचं, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याचं, जाळं रात्रभर पाण्यात सोडून घरी जाणाऱ्यांना तर स्पष्ट मनाई करा. हिवाळ्यात हतनूरसारख्या पाणथळींवर बाहेरून आलेली बदकं उतरतात, बुडी मारतात आणि असल्या जाळ्यात गुदमरतात. तुटून वाहिलेलं जाळं काठाला लागलं की गोळा करून जाळून नका टाकू, भंगारात द्या.

जाळ्यात कासव आलं तर ते जिवंत, तिथेच, लगेच सोडायचं. आपल्या नद्यांतली मऊ पाठीची कासवं पहिल्या अनुसूचीत आहेत. "औषधाला लागतं" म्हणून घरी नेणाऱ्यावर बिबट्या मारणाऱ्याइतकीच कलमं लागतात. मगरीलाही हेच लागू.

आता डोहाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण खान्देशातल्या पाण्याचा जीव तिथे आहे. पांझरा, बोरी, बुराई, अरुणावती, गोमाई या नद्या आणि त्यांना येऊन मिळणारे नाले मार्चनंतर बऱ्याच ठिकाणी कोरडे पडतात. पाणी राहतं ते खडकातल्या किंवा वळणावरच्या डोहात. मरळ, शिंगाडा, वाम, बारीक झिंगे, सगळे तिथे दाटीवाटीने उन्हाळा काढतात. जूनचा पहिला पूर आला की हेच मासे वर चढतात, उथळ गवतात अंडी घालतात आणि पुढचं वर्ष भरतं. एप्रिल-मेमध्ये मोटर लावून डोह उपसला तर एका दुपारी भरपूर मासे मिळतात आणि वरचा सगळा नाला दोन-तीन पावसाळे रिकामा राहतो. म्हणून तुमच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून असा डोह असेल तर गावाशी बोलून दोन नियम करून घ्या. एक, होळीपासून श्रावण लागेपर्यंत त्या डोहात काहीही टाकायचं नाही, गळसुद्धा. दोन, डोहावर मोटर बसवायची नाही. डोह सरकारचा असेल तर हा नियम तुमच्या एकट्याच्या सहीने होत नाही. ग्रामसभेचा ठराव घ्या आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत त्या डोहाची नोंद करून घ्या. 2002च्या जैवविविधता कायद्याने ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. बऱ्याच गावांत ती कागदावर असते, तुमच्या डोहाच्या निमित्ताने तिला काम द्या.

शेततळ्यात मासे सोडणार असाल तर रोहू, कटला, मृगळ ठीक. विदेशी मांगूर कधीच नाही. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि 2018 साली राष्ट्रीय हरित लवादाने तो नष्ट करायला सांगितलं. तो मासा पुरात निसटून नदीत गेला की बाकी सगळ्यांना खातो. तिलापियाही नको. तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावा, पावसाळ्यात ती दर आठवड्याला साफ करा.

आणि अस्तर घातलेल्या तळ्यात चढायला काहीतरी ठेवा. प्लास्टिकच्या पन्नीवरून ससा, मुंगूस, रोह्याचं पाडस, कोणीही परत वर येऊ शकत नाही, पोहून-पोहून मरतं. चारही बाजूंना जुने टायर दोरीला बांधून सोडले किंवा काथ्याच्या चटया घट्ट बसवल्या की काम होतं. आत पडलेल्या पोरालाही त्याचाच आधार. उघड्या विहिरीला कठडा नसेल तर तोही याच उन्हाळ्यात बांधून घ्या.

पाचवं काम: फलक, सालदार आणि पाहुणे

फलक मराठीत, मोठ्या अक्षरात, वाट जिथे आत येते तिथे. मजकूर असा ठेवता येईल:

"ही खासगी जमीन वन्यजीवांसाठी राखलेली आहे. गट क्रमांक ____. शिकार, फास, जाळं, गलोल, एअरगन, कुत्री सोडणं, अंडी-पिल्लं उचलणं याला मनाई. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू. तळ्यात मासेमारी मालकाच्या लेखी चिठ्ठीशिवाय नाही. गवताला आग लावू नये. काही दिसल्यास वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवा."

"गोळी घालण्यात येईल" असलं काही लिहू नका. ते बेकायदा आहे आणि त्याने गाव दुखावतं.

आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. धान्य, कपडे, पैसे ठरवताना हे नियमही त्याच बैठकीत ठरवा. त्याच्या जेवणात पूर्वी ससा-लावा येत असेल तर तो बंद होतोय हे लक्षात घ्या आणि त्याचा मोबदला पगारात धरा. शेततळ्यातले मासे त्याला घरच्यापुरते धरू द्या. रानाची खरी राखण तोच करणार असतो, तुम्ही जळगावात किंवा पुण्यात असता.

पाहुण्याला मासे धरू द्यायचे तर चिठ्ठीवर नाव, तारीख, कुठलं पाणी, गळ की जाळं, किती नेणार, एवढं लिहा आणि एक प्रत वहीत ठेवा. चिठ्ठी फक्त तुमच्या मालकीच्या तळ्यापुरती द्या. बंदूक घेऊन आलेल्या पाहुण्याला, परवाना असला तरी, ती गाडीतून काढू देऊ नका. रात्री गाडीच्या टपावरून बॅटरी मारत फिरणं हाही हाक्याचाच प्रकार समजला जाऊ शकतो, तो हट्ट कितीही जवळच्या नातेवाइकाने केला तरी नाही म्हणा.

फास सापडला, पिल्लू सापडलं, तर

कुंपणाच्या भोकात, पायवाटेवर, पाणवठ्याच्या उतारावर नजर ठेवा. फास बहुतेक वेळा मोटरसायकलच्या क्लचच्या तारेचा असतो, जमिनीपासून वीतभर उंचीवर, खुंटीला बांधलेला. दिसला की लगेच उपटू नका. आधी मोबाइलवर जागेसह फोटो, मग वनरक्षकाला किंवा 1926 वर फोन. पंचनामा जागेवर झाला तर गुन्हा उभा राहतो, तुम्ही तार घरी आणली तर ती नुसती तार. आत प्राणी जिवंत अडकला असेल तर गर्दी हटवा, शक्य असेल तर दुरून डोळ्यांवर पोतं टाका, सोडवायला खात्याच्या माणसांची वाट बघा. फास लावणारा समोर सापडला तर मारहाण करायची नाही. नाव, गाडीचा क्रमांक, वेळ लिहून ठेवा. खात्याने हालचाल केली नाही तर 60 दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक थेट न्यायालयात तक्रार करू शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे.

मेलेला मोर, गळालेली शिंगं, घोरपडीचं कातडं, काहीही सापडलं तर ते सरकारचं. हातात आलं असेल तर 48 तासांत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं. दिवाणखान्यात लावायला शिंगं नेणं इतकं साधं वाटतं की शिकलेली माणसंही त्यात फसतात.

ऊस तोडताना बिबट्याची पिल्लं दिसली तर काम थांबवून माणसं मागे घ्या. हात लावू नका, फोटोसाठी उचलू तर मुळीच नका. वनखातं ती पिल्लं त्याच जागी सुरक्षित खोक्यात ठेवतं आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. सशाचं पिल्लू गव्हात एकटं बसलेलं दिसलं तर ते सोडून दिलेलं नसतं, आई संध्याकाळी येते. तेवढा वाफा उद्या कापा.

सहावं काम, पण घाईने नको: समुदाय राखीव

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36क प्रमाणे खासगी किंवा सामुदायिक जमीन, मालकाने स्वतःहून पुढे येऊन दिली तर, राज्य सरकार समुदाय राखीव म्हणून जाहीर करू शकतं. जमीन अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा संवर्धन राखीवात नसावी. मालकी तुमचीच राहते. व्यवस्थापन समितीत जमिनीचा मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा किंवा आदिवासी समाजाचा प्रतिनिधी असतो. 2022च्या दुरुस्तीने खासगी जमिनीसाठी ही रचना केली. जाहीर झाल्यावर आग लावणं, स्फोटक किंवा रसायन वापरणं यांवर अभयारण्यासारखेच निर्बंध येतात, आणि जमिनीचा वापर समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी याशिवाय बदलता येत नाही.

शेवटची अट नीट वाचा. उद्या मुलाला तिथे घर बांधायचं असेल, विहीर खोदायची असेल, जमिनीवर कर्ज असेल, तर तो सगळा विचार अर्जाआधी व्हायला हवा. घरातल्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. माझा सल्ला, आधी दोन पावसाळे वरचे नियम नुसते पाळून बघा. गाव सोबत येतंय का, डोहात मासे राहताहेत का, सालदार टिकतोय का, ते कळू द्या. मग आपल्या भागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करा. जळगाव, यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोद्याचा मेवासी, असे आपल्याकडे वनविभाग आहेत. अर्जासोबत सातबारा, गटाचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव, हिस्सेदारांची संमती आणि दोन वर्षांच्या नोंदींची वही जोडा. त्या वहीत कुठल्या महिन्यात काय दिसलं, कुठे फास सापडला, कोणाला मासेमारीची चिठ्ठी दिली आणि कोणाला नाकारली, हे सगळं तारखेसह असावं. अधिकारी जागा बघायला आले की त्यांना फलकाजवळून नव्हे, नाल्याच्या काठाने घेऊन जा, आणि सालदाराला सोबत ठेवा. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे असतात.